विषय, प्रश्न आणि परिकल्पना: नव्या संशोधकासाठी एका टेकडीच्या उदाहरणातून मार्गदर्शन

पदव्युत्तर प्रकल्पाला किंवा पीएच.डी.च्या कामाला सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला विषय विचारला, तर तो लगेच सांगतो: मुळा-मुठेचे प्रदूषण, शहरातील हवेची गुणवत्ता, टेकड्यांवरील जैवविविधता. या अभ्यासातून नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे, असे पुढे विचारले की बहुतेक वेळा तोच विषय थोड्या लांब वाक्यात पुन्हा सांगितला जातो. विषयापासून प्रश्नापर्यंत आणि प्रश्नापासून परिकल्पनेपर्यंत (म्हणजे तपासून पाहता येईल अशा संभाव्य कारणापर्यंत) पोहोचायला काही आठवडे लागतात. सिनॉप्सिसची (संशोधनाच्या प्रस्तावित रूपरेषेची) तारीख जवळ आली की हे आठवडे वाया गेल्यासारखे वाटू लागतात आणि विद्यार्थी थेट नमुने गोळा करायला निघतो. माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे, की पहिला नमुना हाती येण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर लिहिलेल्या असल्या पाहिजेत: आपल्याला काय दिसेल असे वाटते, आणि काय दिसले तर आपली कल्पना चुकीची होती असे आपण मान्य करू. यांपैकी दुसरी गोष्ट लिहिता येत नसेल, तर परिकल्पना अजून तयार झालेली नाही असे समजावे.

प्रश्न अरुंद करणे

उदाहरण पुण्यातलेच घेऊ. येथील टेकड्यांवर वन विभागाने केलेल्या लागवडीत गिरिपुष्प हे झाड मोठ्या प्रमाणावर लावले गेले. मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले हे शेंगावर्गीय झाड झपाट्याने वाढते, मुळांवरील गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र स्थिर करते आणि हिवाळा सरता सरता पाने गाळून फिकट गुलाबी फुलांनी भरून जाते. वेताळ टेकडीवर पावसाळ्यात नियमित जाणाऱ्या निरीक्षकाला असे वाटू शकते, की या झाडांच्या दाटीखाली गवत विरळ आहे आणि उघड्या माळावरची रानफुलांची विविधता तेथे दिसत नाही. अशी शंका येणे ही संशोधनाची चांगली सुरुवात आहे, पण ती केवळ सुरुवात आहे.

या शंकेतून बहुतेक जण पहिल्यांदा जो प्रश्न लिहितात तो असा असतो: 'गिरिपुष्पाचा टेकडीच्या जैवविविधतेवर काय परिणाम होतो?' यातला प्रत्येक शब्द सैल आहे. जैवविविधता म्हणजे पक्षी, कीटक, गवते की जमिनीतल्या बुरशी, हे ठरलेले नाही. परिणाम कशावरून मोजायचा, हे ठरलेले नाही. टेकडीचा माथा घ्यायचा की उतार, जुलै घ्यायचा की ऑक्टोबर, आणि तुलना कशाशी करायची, हेही ठरलेले नाही. आता हाच प्रश्न असा लिहून पाहू: 'वेताळ टेकडीच्या पठारी भागात, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, गिरिपुष्पाच्या दाट सावलीतील एक चौरस मीटरच्या क्वाड्रॅटमध्ये (मोजणीसाठी आखलेल्या चौकोनात) आढळणाऱ्या गवतांच्या व लहान शाकीय वनस्पतींच्या जातींची संख्या, लगतच्या उघड्या माळावरील तेवढ्याच आकाराच्या क्वाड्रॅटमधील संख्येपेक्षा वेगळी असते का?' वाक्य लांबले, परंतु आता त्यातला प्रत्येक शब्द काम करणाऱ्याला सूचना देतो. कोठे जायचे, केव्हा जायचे, काय मोजायचे आणि कशाशी ताडून पाहायचे, हे प्रश्नातच आलेले आहे.

सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडण्यामागे कारण आहे. गवतांच्या जाती ओळखण्यासाठी त्यांचे तुरे लागतात, आणि जुलैमध्ये बहुतेक गवते केवळ पात्यांच्या अवस्थेत असतात. त्या वेळी केलेली मोजणी मनापासून केलेली असली तरी निम्म्या ओळखींबाबत शंका राहते. प्रश्न अरुंद करताना अशा तपशिलांची माहिती लागते, आणि ती वाचनातून व जाणत्यांना विचारून मिळते. या बाबतीत पुणे भाग्यवान आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून येथे आहे, आघारकर संशोधन संस्थेतही हर्बेरियम आहे, आणि वाळवून जपलेल्या नमुन्यांवरील नोंदी वाचल्या तर कोणती जात कोठे व कोणत्या महिन्यात फुलोऱ्यावर सापडली होती हे कळते. माझ्या मते नव्या विद्यार्थ्याने प्रश्न पक्का करण्यापूर्वी अशा संग्रहात काही दिवस घालवणे हे शोधनिबंधांचे सारांश इंटरनेटवर चाळण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

प्रश्न हाती असलेल्या वेळात आणि पैशांत सुटण्याजोगा आहे का, हे तपासायला फार वेळ लागत नाही, तरीही ते वगळले जाते. वनजमिनीवर काम करायचे तर वन विभागाची लेखी परवानगी लागते आणि ती पावसाळ्यापूर्वीच मागावी लागते. अभ्यास माणसांवर असेल तर माहिती गोळा करण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आवश्यक असते. औषधांच्या चाचण्यांची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत करावी लागते. ही रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून अशी नोंद बंधनकारक झाली.

परिकल्पना म्हणजे कारणाविषयीचे विधान

'गिरिपुष्पाखाली जाती कमी असतील' हे भाकीत आहे. त्या कमी का असतील, याविषयीचे विधान म्हणजे परिकल्पना. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण एकच भाकीत अनेक वेगवेगळ्या कारणांतून निघू शकते, आणि ते खरे ठरले तरी त्यांपैकी कोणते कारण खरे हे कळत नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक टी. सी. चेंबरलिन यांनी १८९० मध्येच असा इशारा दिला होता, की संशोधकाला आपल्या एकुलत्या परिकल्पनेविषयी पालकासारखी माया वाटू लागते आणि मग तिला अनुकूल असलेला पुरावाच त्याच्या नजरेत भरतो. त्यांनी सुचवलेला उपाय आजही तितकाच कामाचा आहे: सुरुवातीपासून अनेक परिकल्पना एकाच वेळी समोर ठेवाव्यात.

आपल्या उदाहरणात निदान चार परिकल्पना संभवतात. पहिली, दाट पर्णछायेमुळे उन्हावर वाढणारी गवते टिकत नाहीत. दुसरी, स्थिर झालेल्या नत्रामुळे जमीन सुपीक होते, मोजक्या जोमदार जाती फोफावतात आणि मुरमाड, निकस जमिनीला सरावलेल्या जाती मागे पडतात. तिसरी, जमिनीवर साचणारा पालापाचोळा आणि त्यातून पाझरणारी द्रव्ये बियांची उगवण रोखतात. चौथी परिकल्पना झाडाला पूर्णपणे निर्दोष ठरवते: लागवड करताना जेथे मातीचा थर जाड होता किंवा जेथे चर खणता आले अशाच जागा निवडल्या गेल्या असतील, आणि तेथील वनस्पती झाडे लावण्यापूर्वीच उघड्या बेसाल्टवरील वनस्पतींपेक्षा वेगळ्या असतील.

आता प्रत्येक परिकल्पनेला असा प्रश्न विचारावा, की तू खरी असशील आणि बाकीच्या खोट्या असतील, तर टेकडीवर असे काय दिसेल जे एरवी दिसणार नाही? सावली हे कारण असेल, तर तेवढीच दाट सावली देणाऱ्या स्थानिक झाडांखालीही जाती तितक्याच घटलेल्या दिसल्या पाहिजेत, आणि प्रकाशमापकाचे वाचन जसे वाढेल तशी जातींची संख्या वाढली पाहिजे. नत्र कारण असेल, तर फरक सावलीच्या कडेवर थांबणार नाही. उताराच्या खालच्या बाजूला, जेथे पाण्याबरोबर पोषक द्रव्ये वाहत जातात तेथेही तो काही अंतरापर्यंत दिसेल आणि माती परीक्षणात त्याचा माग लागेल. पालापाचोळा कारण असेल, तर मे महिन्यात काही चौकोनांतला पाचोळा काढून टाकल्यावर त्याच सावलीत पुढच्या पावसाळ्यात अधिक रोपे उगवली पाहिजेत. आणि चौथी परिकल्पना खरी असेल, तर मातीची खोली सारखी असलेल्या जागांच्या जोड्या लावून तुलना केल्यावर फरक नाहीसा झाला पाहिजे.

या चौघींपैकी कोणतीही एक खरी असेल अशी खात्री देता येत नाही. दोन कारणे एकत्र काम करत असण्याची शक्यताही बरीच आहे. तरीही हा विचार आधी केल्यामुळे कामाचा आराखडाच बदलतो. केवळ 'झाडाखाली' आणि 'उघड्यावर' अशी दोन ठिकाणे मोजायला निघालेला विद्यार्थी आता मातीची खोली मोजण्यासाठी सळई, प्रकाशमापक आणि स्थानिक झाडांखालचे क्वाड्रॅट असा बेत आखतो. हंगाम संपल्यावर यातले काहीही भरून काढता आले नसते.

निरीक्षणातून परिकल्पना, आणि परिकल्पनेतून प्रयोग, हा प्रवास किती वर्षांचा असू शकतो याचे उत्तम उदाहरण पुण्याच्याच केईएम रुग्णालयातील संशोधनात सापडते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचे पोषण आणि बाळांची वाढ यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो. मात्र वजन, स्नायू आणि पोटाचा घेर ज्या प्रमाणात कमी होता, त्या प्रमाणात त्वचेखालची चरबी कमी नव्हती. पुढे २००८ मध्ये त्यांनी असे प्रसिद्ध केले, की गर्भारपणात ज्या मातांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध (मधुमेहाकडे नेऊ शकणारी स्थिती) सर्वाधिक होता. हा संबंध लक्षणीय होता, पण तो केवळ संबंध होता. आहार, उत्पन्न आणि घरची परिस्थिती यांसारख्या अनेक गोष्टी आईच्या बी-१२ बरोबर बदलत असतात. म्हणून पुढची पायरी प्रयोगाची ठरली. त्याच गटातील मुले किशोरवयात आल्यावर त्यांना यादृच्छिक पद्धतीने (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे) बी-१२ किंवा त्याविना गोळ्या देऊन, पुढे त्यांच्या पोटी जन्मणाऱ्या बाळांकडे पाहण्याची योजना आखली गेली. सहा गावांत मोजलेल्या जन्मवजनांपासून सुरू झालेला प्रश्न दोन दशकांनी 'हे जीवनसत्त्व गर्भधारणेपूर्वी दिले तर काय बदलते?' इतका नेमका झाला. विद्यार्थ्याला इतकी वर्षे मिळत नाहीत, पण आपला अभ्यास या प्रवासातल्या कोणत्या टप्प्यावर आहे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. पहिल्या टप्प्याच्या अभ्यासाने तिसऱ्या टप्प्याचा निष्कर्ष काढू नये.

शून्य परिकल्पना आणि नमुन्याचा आकार

सांख्यिकी चाचणी थेट आपल्या परिकल्पनेची नसते. ती शून्य परिकल्पनेची असते, म्हणजे 'दोन्ही जागांच्या सरासरीत फरक नाही' या विधानाची. पी-व्हॅल्यू एवढेच सांगते, की शून्य परिकल्पना खरी असती तर आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती होती. आपली परिकल्पना खरी असण्याची शक्यता ती सांगत नाही, आणि फरक किती महत्त्वाचा आहे हेही सांगत नाही. चाचणी कोणती निवडावी, हे मोजमापाच्या प्रकारावर अवलंबून असते आणि सांख्यिकीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्याचे तक्ते असतात, त्यामुळे येथे त्यात शिरत नाही.

नमुना किती घ्यावा, या प्रश्नाला मात्र 'तीस तरी असावेत' असे उत्तर सर्रास दिले जाते आणि ते निराधार आहे. दोन गटांच्या सरासरींची तुलना करताना, ५ टक्के पातळीवर (म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली तरच फरक 'लक्षणीय' मानून) आणि खरा फरक ८० टक्के वेळा पकडता यावा अशा बेताने, एका गटासाठी लागणारा नमुना काढण्याचे एक सोपे सूत्र आहे: १६ गुणिले प्रमाण विचलनाचा (मोजमापे सरासरीभोवती किती विखुरली आहेत याच्या मापाचा) वर्ग, भागिले शोधायच्या फरकाचा वर्ग. समजा, छोट्या पूर्वचाचणीत एका क्वाड्रॅटमधील जातींच्या संख्येचे प्रमाण विचलन ४ निघाले आणि ३ जातींचा फरक आपण महत्त्वाचा मानतो. मग १६ गुणिले १६ भागिले ९, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे २९ क्वाड्रॅट लागतील. दीड जातीचा फरकही पकडायचा असेल तर हीच संख्या ११४ होते: फरक निम्मा केला की काम चौपट होते. 'किती फरक महत्त्वाचा' हे संगणक सांगत नाही. ते वनस्पतिशास्त्राच्या जाणकारीने ठरवायचे असते, आणि मोजणीपूर्वी ठरवायचे असते.

हे २९ क्वाड्रॅट एकमेकांपासून स्वतंत्र असणेही आवश्यक आहे. गिरिपुष्पाच्या एकाच राईत २९ क्वाड्रॅट टाकले, तर आपण ती एक राई फार बारकाईने मोजली एवढेच म्हणता येते. गिरिपुष्पाविषयी आपल्याकडे प्रत्यक्षात एकच नमुना असतो. परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाकडे लक्ष वेधले, तरीही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत तो आजही वारंवार आढळतो. म्हणून अनेक वेगवेगळ्या राया निवडाव्यात, प्रत्येकीला लगतच्या उघड्या जागेची जोड द्यावी आणि क्वाड्रॅटची नेमकी जागा यादृच्छिक अंकांनी ठरवावी. जेथे फुले छान दिसतात तेथे चौकट टाकण्याचा मोह माणसाला होतोच.

आधी लिहून ठेवणे

शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकाचे नाव ज्या कार्यालयावरून पडले, ते भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. १९०४ ते १९२४ या काळात या विभागाचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मॉन्सूनचे पूर्वानुमान देण्यासाठी जगभरच्या ठिकाणांचा वायुदाब, तापमान आणि पाऊस यांचे परस्परसंबंध तपासत होते. ते गणितज्ञ होते, आणि १९१४ मध्ये त्यांनी स्पष्टपणे मांडले, की अनेक सहसंबंध काढून त्यांतला सर्वांत मोठा निवडला, तर तो केवळ योगायोगानेही मोठा निघू शकतो. म्हणून जितके संबंध तपासले तितकी पुराव्याची कसोटी कडक केली पाहिजे. हे तत्त्व आकड्यांत सांगायचे तर असे: जेथे खरोखर काहीच फरक नाही अशा २० स्वतंत्र गोष्टी ५ टक्के पातळीवर तपासल्या, तर त्यांपैकी निदान एक 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते.

याच विभागाने १९८८ पासून मॉन्सूनच्या अंदाजासाठी १६ निर्देशकांचे एक प्रारूप वापरले. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकसित केले होते आणि अनेक वर्षे देशाचा अंदाज त्यावर दिला गेला. २००२ मध्ये या प्रारूपाने सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडला आणि देशात दुष्काळ पडला. पुढील तपासणीत असे आढळले, की अनेक निर्देशकांचा पावसाशी असलेला संबंध काळाबरोबर क्षीण झाला होता, आणि विभागाने नंतर कमी निर्देशकांची प्रारूपे स्वीकारली. या शास्त्रज्ञांनी एका अत्यंत अवघड प्रश्नाला जाहीरपणे तपासता येईल असे उत्तर दिले, याबद्दल मला आदरच वाटतो. अंदाज आकड्यात आणि आधी दिला होता, म्हणूनच त्यातली उणीव कळू शकली. आपल्यासाठी यातला धडा असा, की ज्या माहितीवरून संबंध शोधला, त्याच माहितीवर तो खरा ठरतो असे दाखवणे ही चाचणी नव्हे. चाचणीसाठी न पाहिलेली माहिती लागते.

म्हणून क्षेत्रकार्यापूर्वी एक-दोन पानांचा आराखडा लिहावा. त्यात मुख्य मोजमाप एकच असावे. आपल्या उदाहरणात ते जातींची संख्या हे आहे. गवताचे वजन, फुलांची संख्या किंवा कीटक हे दुय्यम आहेत असे तेथेच नोंदवावे. कोणत्या दोन गटांची तुलना करणार, कोणती चाचणी वापरणार, किती क्वाड्रॅट झाल्यावर थांबणार आणि कोणते क्वाड्रॅट वगळणार, हेही लिहावे. वगळण्याचा नियम विशेष महत्त्वाचा आहे: पायवाटेपासून ठरावीक अंतराच्या आतले किंवा त्या वर्षी वणव्यात जळालेले क्वाड्रॅट वगळायचे असतील, तर ते आकडे पाहण्यापूर्वी ठरले पाहिजे, नाही तर नकोसा आकडा आला की त्याला वगळण्याचे कारण सापडतेच. हा आराखडा तारखेसह मार्गदर्शकांना ईमेलने पाठवावा किंवा ओपन सायन्स फ्रेमवर्कसारख्या संकेतस्थळावर नोंदवावा. पुढे त्यात बदल करावा लागला तर तो जरूर करावा, मात्र काय बदलले आणि का बदलले ते प्रबंधात लिहावे.

निकाल वाचताना

फरक आढळला, तर आधी त्याचा आकार सांगावा आणि पी-व्हॅल्यू नंतर. मग चार परिकल्पनांपैकी कोणत्या अजून शिल्लक आहेत ते पाहावे. मातीची खोली सारखी असलेल्या जोड्यांतही फरक टिकून राहिला, तर चौथी परिकल्पना दुबळी झाली असे म्हणता येईल. पहिल्या तिघींविषयी एवढ्यावरून काहीही म्हणता येणार नाही.

फरक आढळला नाही, तर 'गिरिपुष्पाचा परिणाम होत नाही' असे लिहिण्याची घाई करू नये. अशा वेळी कॉन्फिडन्स इंटरव्हल पाहावा, म्हणजे आपल्या माहितीशी सुसंगत असा खरा फरक कोणत्या दोन मर्यादांमध्ये असू शकतो ते पाहावे. समजा, फरकाचा इंटरव्हल उणे १.१ ते अधिक १.९ असा आला. आपण ३ जातींचा फरक महत्त्वाचा मानला होता आणि तो या मर्यादेबाहेर आहे, म्हणून तेवढा मोठा परिणाम असण्याची शक्यता कमी आहे असे म्हणता येते, आणि हा प्रसिद्ध करण्याजोगा, उपयुक्त निष्कर्ष आहे. इंटरव्हल उणे ३ ते अधिक ५ असा आला, तर मात्र अभ्यासाने कोणत्याच बाजूने काही सांगितलेले नाही आणि नमुना अपुरा होता असे लिहावे. दोन्ही वेळा पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा मोठीच असेल, पण दोन्ही निकालांचा अर्थ अगदी वेगळा आहे.

माहिती हाताळताना आराखड्यात नसलेले काही तरी दिसतेच, आणि पुष्कळदा तेच सर्वांत रोचक असते. सावलीच्या कडेला, ना धड उन्हात ना धड छायेत, जातींची संख्या सर्वाधिक आहे असे लक्षात आले, तर ते प्रबंधात अवश्य लिहावे, पण 'आराखड्याबाहेरील निरीक्षणे' अशा स्वतंत्र भागात लिहावे आणि जणू हीच आपली मूळ परिकल्पना होती असे प्रस्तावनेत बदलून टाकू नये. त्या कडेविषयीचा प्रश्न नव्याने, वरच्याच पद्धतीने अरुंद करावा, त्याचा आराखडा उन्हाळ्यात लिहावा आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये, आधी न मोजलेल्या रायांत, त्याची चाचणी घ्यावी.